उंबऱ्याबाहेरचे घर



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. आमचे शिक्षण हमालांच्या अड्ड्यावर आणि ऊसतोड कामगारांच्या कोपीत झाले. म्हणून नगररचनेसारख्या मोठ्या विषयाची सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीपासून करतो.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधल्या हमालांनी आणि ऊसतोड्यांनी बीड शहराच्या कडेला एकेक गुंठा जमीन घेतली. शेताचे तुकडे पाडून विकलेली ती जागा. अकृषक परवाना नाही, गटार नाही, रस्ता दहा फुटांचा. आम्हीच त्यांना म्हणालो होतो, "घ्या, भाड्यातून सुटाल." कागद आम्ही वाचले, हिशेब आम्ही मांडला. पाणी कोठून येणार, हेही विचारले. पण वापरलेले पाणी कोठे जाणार, हे आम्ही विचारले नाही.

त्या एका प्रश्नाची किंमत वस्ती आजवर मोजते आहे. आपली काळी माती पाणी लवकर पीत नाही. शोषखड्डा थोड्याच दिवसांत तुंबतो, सांडपाणी रस्त्यावर येते आणि रस्त्यावरून शेजाऱ्याच्या दारात जाते. नळ रोज येत नाही, म्हणून घरोघरी पिंपे भरलेली. डासांच्याही जाती आहेत. हत्तीरोगाचा डास घाण पाण्यात वाढतो, तर डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. आमच्या वस्तीने दोघांचीही सोय केली! आम्ही मोर्चे काढून मजुरीचा दर वाढवून घेतला. त्या वाढीतला मोठा हिस्सा दवाखान्यात गेला.

आणि केवळ प्रकृतीच बिघडली असे नाही. शेजारणी-शेजारणींत भांडणे सुरू झाली. ती मिटवायला लोक आम्हांला बोलावीत. आम्ही त्यांना समजूतदारपणाचा उपदेश करीत असू. पुष्कळ दिवसांनी ध्यानात आले, की तो स्वभावाचा दोष नव्हता, उताराचा दोष होता. वरच्या घराचे पाणी खालच्या घरापुढे साचत असेल, तर तेथे संतांच्या शेजारी संत राहावयास आले तरी भांडण होईलच.

बीडकरांना उताराचा धडा परक्याकडून घेण्याचे कारण नाही. आपली खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. तिचे पाणी भूमिगत बोगद्यांतून, मोटेवाचून, केवळ उताराने शेतापर्यंत जाते. ज्यांनी ती बांधली त्यांनी आधी जमिनीचा कल पाहिला. आज भूखंड पाडणारा फक्त फीत धरतो.

अर्थात जुने ते सारे सोने, असे आमचे म्हणणे नाही. 1989 साली बिंदुसरेला महापूर आला. काठची घरे गेली, माणसे गेली. नदी आपली हद्द विसरत नाही, विसरतो तो माणूस. तरी जुन्या गावात पार होता, ओटा होता. आमच्या वस्तीत दिवाळीच्या सुमारास निम्म्या घरांना कुलपे लागतात. जोडपी कोयते घेऊन कारखान्यांकडे जातात आणि म्हातारी माणसे नि शाळेची पोरे मागे राहतात. त्यांनी एकत्र बसायचे म्हटले, तर सावलीची एक जागा नाही. आजारी पडलेली आजी शेजारच्यांना दुसऱ्या दिवशी कळते, ही त्या नकाशाची करणी आहे.

कोणी म्हणतील, उंच पक्क्या इमारती बांधा, प्रश्न सुटेल. त्यांनी मुंबईत गोवंडी-मानखुर्दला नटवर पारेख कंपाऊंड आणि लल्लूभाई कंपाऊंड पाहावे. विस्थापित कुटुंबांना तेथे पक्की घरे मिळाली. पण इमारतींमधील अंतर ठेवले सुमारे 3 मीटर. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांची पाहणी 2018 साली प्रसिद्ध झाली. ऊन-वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे रोगी अधिक आढळले. भिंत पक्की असली म्हणजे घर निरोगी होतेच असे नाही.

मग उपाय कोणता? पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या काळात इंदूरला होळकरांच्या दरबारी नगररचनेसाठी आले होते. शहरात प्लेगची भीती होती. त्यांनी दिवाळीची मोठी मिरवणूक योजली आणि जाहीर केले, की जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्यांवरून ती जाईल. लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून घेतल्या, घरे दुरुस्त केली. शेवटी घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या. नकाशा काढणारा माणूस लोकांच्या दारात गेला, म्हणून हे घडले.

कायद्याचाही आधार आहे. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरे नियमित करण्याची वाट दिली. 2021 च्या दुरुस्तीने तिची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत झालेल्या भूखंडांना लागू झाली. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत 0.4 हेक्टर आणि त्याहून मोठ्या रेखांकनात 10 टक्के जागा मोकळी ठेवण्याचा नियम आहे. ती जागा आपल्या कॉलनीत कोठे आहे? नियमित करताना भरलेला पैसा कोणत्या गटारावर खर्च झाला? हे विचारणे हा उर्मटपणा नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे.

आमच्या वस्तीने गेल्या उन्हाळ्यात एक काम केले. उसावरून माणसे परतल्यावर बैठक झाली. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी धरून पोरांनी गल्लीचा उतार मोजला. गटाराला जागा हवी, म्हणून प्रत्येक घराने आपल्या ओट्याचा एक फूट सोडला. पहिला ओटा फोडला तो सर्वांत वर राहणाऱ्या बाईंनी. गेली अनेक वर्षे त्यांचे पाणी ज्यांच्या दारात जात होते, त्या शेजारीणबाई घमेले घेऊन आल्या.

गटार अजून पुरे झालेले नाही. शेवटचे शंभर फूट नगरपालिकेचे आहेत आणि त्यासाठी आमचे अर्ज चालू आहेत. पण प्लॉट घेऊ म्हणून विचारायला येणाऱ्या प्रत्येक कामगाराला आम्ही आता आधी एकच प्रश्न विचारतो: पाणी जाणार कोठे?