बोट गेलं ते कुणाच्या चुकीनं?



भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर. या भागांतल्या छोट्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर काम करणारी मुलं आपल्यापैकी अनेकांच्या नात्यागोत्यात असतील. काम दिसायला सोपं असतं. पत्रा डायमध्ये सरकवायचा, पेडलवर पाय द्यायचा, वरून पंच आदळला की जॉब बाहेर काढायचा आणि पुढचा पत्रा घ्यायचा. शिफ्ट संपेपर्यंत हेच, शेकडो वेळा. एखाद्या वेळी पाय क्षणभर आधी पडतो आणि हात अजून आतच असतो.

त्यानंतरचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, ‘तुझं लक्ष कुठं होतं?’ आणि हाताला बँडेज बांधलेला मुलगाही मान खाली घालून म्हणतो, ‘माझीच चूक झाली, साहेब.’ या कबुलीचा मला फार त्रास होतो, कारण कायदा तिला एवढी किंमत देतच नाही.

1923 च्या कामगार भरपाई कायद्यानं शंभर वर्षांपूर्वीच ठरवलं, की कामामुळे आणि कामावर असताना इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची. मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. कुठलं बोट गेलं तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, याचा तक्ताच कायद्याला जोडलेला आहे. अंगठा गेला तर 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12.

मग कामगारावर काहीच जबाबदारी नाही का? आहे, आणि ती असायलाच हवी. दारूच्या नशेत मशीनवर उभा राहिला, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला किंवा गार्ड मुद्दाम काढला आणि त्यामुळेच अपघात झाला, तर मालक भरपाई नाकारू शकतो. पण मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर ही सबबही चालत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच वाटणी कायम ठेवली आहे. सगळी मदार ‘जाणूनबुजून’ या अटीवर आहे. थकल्या डोळ्यांवर झापड येणं किंवा घाईत हात आत राहणं त्यात बसत नाही.

आता गार्डचं पाहू. प्रेसला दोन हातांनी दाबायची दोन बटणं बसवता येतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय पंच खाली येत नाही, म्हणजे हात आत सापडायचा प्रश्नच उरत नाही. सेन्सर बसवला तर हात आत जाताच मशीन थांबतं. मात्र यात प्रत्येक जॉबमागे थोडा वेळ जातो. मग एक बटण कायमचं दाबून ठेवलं जातं, सेन्सर बायपास होतो. ‘गार्ड लावून टार्गेट निघत नाही,’ हे सुपरवायझरलाही माहीत असतं. मशीन चालू असताना गार्ड जागेवर ठेवण्याची जबाबदारी 1948 च्या कारखाना कायद्यानं कारखान्यावरच टाकली होती. महिनोन्‌महिने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काढून ठेवलेला गार्ड अपघाताच्या दिवशी एकट्या कामगारानं ‘मुद्दाम’ काढलेला कसा ठरतो? त्या काढलेल्या गार्डमुळे वाढलेलं उत्पादन कुणाच्या खात्यावर जमा होत होतं, हे आधी विचारलं पाहिजे.

ज्यांचा ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, विमा आहे त्यांना भरपाई मालकाऐवजी ईएसआय महामंडळाकडून मिळते. तिथं तर एखादा नियम मोडून काम करताना झालेला अपघातही, ते काम मालकाच्या धंद्यासाठीच असेल तर, कामावरचाच धरला जातो. हे कारखान्यांच्या फाटकांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मला पाहायला आवडेल.

दोन गोष्टी घरच्यांनी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. दवाखान्यात कुणी कोरा किंवा टाईप केलेला कागद पुढं करून ‘आता काही मागणं नाही’ अशी सही मागितली, तर ती देऊ नका. आणि दिली गेली असली तरी धीर सोडू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दबातल आहे. दुसरं, ‘हा आमचा नाही, ठेकेदाराचा माणूस आहे’ असं सांगून कंपनी हात झटकू लागली तर ऐकून घेऊ नका. कंपनीच्या आवारात, कंपनीचंच काम करताना तो जखमी झाला असेल, तर भरपाईचा दावा थेट कंपनीवर लावता येतो. ठेकेदाराकडून ती रक्कम वसूल करणं हे मग कंपनीचं काम.