वर्गातील नवी साधने आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, मुलुंड येथे, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



गुणगौरवाच्या समारंभात वडीलधाऱ्यांनी मुलांना उपदेशाचे चार शब्द सांगावेत असा प्रघात आहे. आज आम्ही तो थोडा मोडणार आहोत. मुलांनी आपले काम चोख केले आहे. आज बोलावयाचे आहे ते मोठ्यांच्या कामाविषयी. विषय आहे शाळेच्या वर्गात आलेल्या नव्या साधनांचा: संगणक, टॅब्लेट, भिंतीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टर, मुलांनी लिहावयाचे ब्लॉग (ज्यांना मराठीत अनुदिनी असे सुरेख नाव मिळाले आहे), आणि ज्यांच्या योगे गणित वा भाषा शिकता येते असे पडद्यावरचे खेळ. आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीतून यंदा शाळांना अशी साधने पुन्हा द्यावीत, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. सूचना सद्भावनेची आहे, यात संशय नाही. परंतु तिच्यावर मत देण्यापूर्वी मागील एक हकीकत आपल्या कानी घालणे आम्हांस आवश्यक वाटते.

२०१९ साली, शिक्षण समितीचे काम आमच्याकडे असताना, मुलुंडमधील एका मराठी शाळेला मंडळाने पंधरा टॅब्लेट भेट दिले. समारंभ थाटाचा झाला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि त्या वर्षीच्या स्मरणिकेत छायाचित्रही छापले गेले. त्या छायाचित्रात आम्ही पहिल्या रांगेत उभे आहोत. पुढील मार्च महिन्यात महामारीमुळे शाळा बंद झाल्या. मुंबईत आठवीपासून वरच्या वर्गांची दारे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. लहान मुलांची त्याहूनही उशिरा. या दीड वर्षात आपल्याच ज्ञातीतील एका घरी तीन भावंडे एका मोबाइलवर शिकत होती. वडील कामावर निघाले की मोबाइल त्यांच्याबरोबर जाई आणि त्या दिवसाचे तास बुडत. रात्री ते परतल्यावर थोरली मुलगी शिक्षकांनी पाठविलेला सारा अभ्यास वहीत उतरवून घेई आणि दुसऱ्या दिवशी धाकट्यांना शिकवी.

शाळा उघडल्यावर आम्ही चौकशीस गेलो, तेव्हा आमचे पंधराही टॅब्लेट कपाटात, मूळ खोक्यांत, जसेच्या तसे होते. काहींच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या. ती तिन्ही भावंडे त्याच शाळेची, आणि त्यांचे घर त्या कपाटापासून पाच मिनिटांच्या वाटेवर.

आम्ही काहीशा रागानेच विचारणा केली. तेव्हा तेथील एक बाई शांतपणे म्हणाल्या, “तुम्हांला काय हवे, असे आम्हांला कोणी विचारले नव्हते. आणि मोडले तर भरपाई कोणी करायची, एवढे जरी लिहून दिले असते, तरी आम्ही त्याच आठवड्यात बाहेर काढले असते.” आम्हांस उत्तर सुचले नाही. वर्गात विजेची खुंटी एकच होती, तीवर पंधरा यंत्रे कशी भारित करावयाची, इंटरनेटचे पैसे कोण भरणार, त्या यंत्रांत मराठी पाठ कोणते आहेत, मुलाने ते घरी नेले तर चालेल काय, यांपैकी एकाही प्रश्नाचा विचार आम्ही केला नव्हता. पेढ्यांचा मात्र केला होता. दोष शाळेचा नव्हता. तो आमचा होता, आणि तो येथे उघडपणे मान्य केल्यावाचून पुढे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

शिक्षणाची साधने ही आपल्याकडे काही आजची गोष्ट नव्हे. मोक्षपटाचे कर्तृत्व परंपरा संत ज्ञानेश्वरांकडे देते. सोंगट्या आणि कवड्या खेळता खेळता सद्गुणाची शिडी आणि दुर्गुणाचा साप मुलाच्या मनावर ठसावा, ही त्या खेळाची योजना. खेळातून शिकविणे म्हणजे पोरखेळ, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. पुढे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची विकतची साधने खेड्यास परवडणारी नव्हती. त्यांनी खडे, शिंपले, पाने, फुले, बिया यांनाच साधने केले. वस्तू कवडीमोलाच्या, पण त्या कशासाठी हाती द्यावयाच्या हे त्या दोघींना पुरते ठाऊक होते. साधनाचे मोल त्याच्या किमतीवरून ठरत नाही, हा धडा महाराष्ट्राने त्या काळीच गिरविला होता. आम्हीच तो विसरलो.

नव्या साधनांचे अनुभव पाहावयाचे तर फार दूर जावयास नको. आपण मुलुंड स्थानकावरून रोज ज्या मध्य रेल्वेने प्रवास करतो, तिच्याच वाटेवर तीन गावे अशी आहेत की ज्यांच्यापासून पुष्कळ शिकता येईल.

कर्जत तालुक्यातील खैराट हे पहिले. अमेरिकेतील प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटे यांनी जगातील प्रत्येक मुलास स्वस्त लॅपटॉप देण्याची मोहीम काढली होती. तिचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली या लहानशा गावातील शाळेत झाला. खोली एक, शिक्षक एक, आणि पहिली ते चौथीची सारी मुले एकत्र. प्रत्येक मुलाच्या हाती त्याचा स्वतःचा हिरवा-पांढरा लॅपटॉप आला. एकशिक्षकी शाळेत तीन वर्ग नेहमी चौथ्याची वाट पाहत बसलेले असतात. अशा ठिकाणी मुलाला आपले आपण काही करता यावे, हे लहानसहान साह्य नव्हे. परंतु हीच योजना पेरू देशाने ८ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटून अमलात आणली, तेव्हा काय आढळले? तेथील ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी होऊन २०१२ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात मुलांच्या गणितात व भाषेत सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्रे पोहोचली होती. ती शिकविण्यात कशी गुंफावी याची शिक्षकांची तयारी पुरेशी झाली नव्हती. आमच्या कपाटाचीच ही थोरली आवृत्ती म्हणावयाची.

दुसरे गाव कसाऱ्याच्या वाटेवरचे. आसनगावला उतरून शहापूर तालुक्यात शिरले की पाष्टेपाडा लागतो. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने ग्रामस्थांच्या सहभागाने डिजिटल वर्ग उभा केला. पुढे ठिकठिकाणचे शिक्षक तो पाहावयास गेले आणि आपापल्या गावी लोकवर्गणीतून तसे वर्ग उभारू लागले. येथे आरंभ देणगीदाराने केला नाही, शिक्षकाने केला. गाव त्याच्या मागे उभे राहिले.

तिसरे गाव सोलापूरच्या वाटेवरचे, माढा तालुक्यातील परितेवाडी. तेथील शाळेत २००९ साली रुजू झालेले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर संकेताचे काळे-पांढरे चौकोन छापले. पालकाचा मोबाइल त्या चौकोनासमोर धरला की कविता ऐकू यावी, पाठ डोळ्यांपुढे दिसावा, स्वाध्याय मिळावा, अशी ही युक्ती. शासनाने २०१७ साली ती राज्याच्या पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली, आणि ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना १० लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे आपण सर्वजण जाणताच. आम्हांस त्या युक्तीतील साधेपणाचे अधिक कौतुक वाटते. पुस्तक पुस्तकाच्या जागी राहिले. शाळेला मोठी खरेदी करावी लागली नाही. घरात जे यंत्र आधीच होते, तेच शाळेच्या कामी आले.

आपल्या मुंबईतही प्रयत्न झाले आहेत. महानगरपालिकेने २०१५ साली आठवीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके भरलेले टॅब दिले. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा त्यामागील हेतू. परंतु २०१८ साली राज्यात आठवीचा अभ्यासक्रमच बदलला. कागदी पुस्तक बदलले तर नवे विकत घ्यावे लागते. यंत्रातील पुस्तक बदलावयास कोणी जाणता मनुष्य, वेळ आणि पुन्हा पैसा लागतो. यंत्र म्हणजे एकदा लावून विसरण्याचे झाड नव्हे. त्याला गाईप्रमाणे रोज पाहावे लागते.

महामारीच्या काळात २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली होती, तिचा उल्लेखही येथे केला पाहिजे. ती पाहण्यास इंटरनेट लागत नव्हते, आणि भाषा मराठी होती. ज्या घरात एकच मोबाइल, त्या घरातही दूरदर्शन संच बहुधा असतोच. गरिबाच्या घरी काय आहे हे आधी पाहून मग साधन निवडावे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता कोणी विचारील की, साधन वापरावयाचे म्हणजे वर्गात नेमके करावयाचे काय? दोन उदाहरणे देतो. जिओजेब्रा नावाची एक विनामूल्य संगणक-प्रणाली आहे. तीत त्रिकोण काढून त्याचा एक कोपरा बोटाने सरकविला की तिन्ही कोन बदलतात, पण त्यांची बेरीज १८० अंशच राहते. फळ्यावर शिक्षक एक त्रिकोण काढतात; येथे मूल पाच मिनिटांत शंभर त्रिकोण करून पाहते, आणि “असे का?” हा प्रश्न त्याच्याच तोंडून निघतो. तेथून पुढे सिद्धता शिकविणे हे शिक्षकाचे काम, आणि ते त्यांनाच साधते.

दुसरे उदाहरण अनुदिनीचे. समजा, सातवीच्या वर्गाने मुलुंडविषयी एक अनुदिनी लिहावयास घेतली. पूर्वेच्या मिठागरात मीठ कसे पिकत असे? पाच रस्त्याला पाचच रस्ते का मिळतात? १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी आपल्या भागातून गेली, तेव्हा येथे काय होते? ही उत्तरे शोधण्यासाठी मुले माहीतगारांकडे जातील, आपल्या आजी-आजोबांना प्रश्न विचारतील, देवनागरी कळफलकावर टंकलेखन शिकतील, आणि चुकीचे लिहिले तर शेजारचा वाचक चूक दाखवील या जाणिवेने जपून लिहितील. जो निबंध केवळ गुण देणाऱ्या शिक्षकापुढे जातो, त्याहून या लेखनास वेगळे वजन येते. शिवाय संगणक म्हणजे इंग्रजी, ही जी समजूत आपल्या घराघरांत रुजली आहे आणि जिच्यापायी मराठी शाळांकडे पाठ फिरविली जाते, तिलाही यातून परस्पर उत्तर मिळेल.

सावधगिरी हवीच. मुलांची नावे, पत्ते व छायाचित्रे अनुदिनीवर देऊ नयेत. खेळ निवडताना पैसे लावावयास शिकविणारा किंवा सोडवतच नाही असा खेळ कटाक्षाने दूर ठेवावा. मूल दिवसभर पडद्यासमोर बसले म्हणजे शिकले, असे पालकांनी समजू नये. युनेस्कोने २०२३ सालचा आपला जागतिक शिक्षण-अहवाल याच विषयाला वाहिला, आणि हे साधन कोणाच्या अटींवर वापरावयाचे, हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारला आहे. आमचे उत्तर असे की, ते शिक्षकांच्या आणि मुलांच्या अटींवर वापरले जावे. विक्रेत्याच्या नव्हे, आणि देणगीदाराच्याही नव्हे.

यास्तव आमच्या सूचना अशा आहेत. देणगीपूर्वी शाळेतील शिक्षकांची बैठक घेऊन, त्यांना काय हवे ते त्यांच्याकडून लेखी घ्यावे. त्यांनी टॅब्लेटऐवजी एक प्रोजेक्टर आणि चार विजेच्या खुंट्या मागितल्या, तर त्याच द्याव्यात. मंजूर रकमेपैकी निम्मीच खरेदीस खर्चावी. उरलेली दुरुस्ती, इंटरनेट व शिक्षकांचे प्रशिक्षण यांसाठी तीन वर्षे राखून ठेवावी. मोडतोडीची भरपाई मंडळ करील आणि साधन मुलाच्या घरी जाऊ शकेल, हे मंडळाच्या सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे. आपल्या ज्ञातीत अभियंते आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, बँकांतील अधिकारी आहेत. त्यांनी महिन्यातील एक शनिवार शाळेला द्यावा. आणि वर्गातील साधन वर्गातील सर्व मुलांचे असावे. आपला निधी ज्ञातीचा आहे हे खरे. परंतु एका बाकावरील दोघांपैकी एकाच्याच हाती पाटी देण्याचे काम कोणाही सुज्ञ दात्यास शोभणार नाही.

शेवटी एक आनंदाची गोष्ट. ज्या थोरल्या मुलीचा उल्लेख आम्ही केला, तिचा आज याच व्यासपीठावर गौरव झाला आहे. तिला संकोच होईल म्हणून नाव घेत नाही. या भाषणाविषयी तिच्या आईवडिलांची अनुज्ञा घेण्यास आम्ही गेलो होतो, तेव्हा तिने आपण होऊन सांगितले की, पहिला शनिवार ती स्वतः देईल. धाकट्यांना शिकविण्याची सवय तिला आहेच.

दुसऱ्या शनिवारी आम्ही जाणार आहोत. तिसरा आणि चौथा अद्याप रिकामा आहे. सभा संपल्यावर चिटणिसांच्या वहीत नावे नोंदवावीत. आणि संपादक मंडळास एक विनंती: येत्या वर्षीच्या स्मरणिकेत देणगीचे छायाचित्र छापू नये. ते पान मुलांनी मुलुंडविषयी जे लिहिले असेल त्यासाठी राखून ठेवावे.