हिऱ्याची पारख आणि खाणीचा हक्क
(जळगाव येथील ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपला सुवर्णकार समाज पारख करणारा समाज आहे. जळगावच्या सराफ बाजाराचा लौकिक सोन्यावर उभा आहे. परंतु आता त्याच पेढ्यांवर हिऱ्याच्या दागिन्यांनाही मागणी असते. सोने आपण कसोटीवर घासून घेतो. हिऱ्याचे तेज, रंग, वजन आणि पैलू न्याहाळतो. पण तो ज्या भूमीतून निघाला तेथे खणण्याचा हक्क कोणाचा होता, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. आज मी त्याच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

हा प्रश्न आपल्या देशात जुना आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड येथे पूर्वी हिऱ्याची खाण होती. ‘ऐन-ए-अकबरी’त तिची नोंद आहे, चांद्याच्या राजाने ते ठिकाण थोड्याच काळापूर्वी दुसऱ्या सरदाराकडून जिंकून घेतले, असेही तेथे नमूद आहे. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे असा आपल्याच मुलखातून बुऱ्हाणपुरास गेला होता. दक्षिणेतील खाणीही त्याने पाहिल्या. तेथे व्यापारी मजुरांच्या संख्येप्रमाणे राजाला रोजचा कर देत आणि खरेदीवर शेकडा २ भरीत. खणणाऱ्याच्या हाती मात्र वर्षाकाठी ३ होन पडत. राजा, मक्तेदार आणि मजूर यांच्या वाट्यांतील हे अंतर ध्यानात ठेवावे, म्हणजे पुढील हकिकत नीट उमगेल.

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशात १९३० मध्ये हिरे सापडले. ब्रिटिश अंमलात जवळजवळ साऱ्या देशातील हिरे खणण्याचा मक्ता एकाच कंपनीला मिळाला. तेथील हिरे बहुतांशी नदीच्या गाळात विखुरलेले. फावडे आणि चाळणी असली की कोणीही खणू शकतो. असा मुलूख कुंपणात कसा राहणार? चोरटे उत्खनन वाढले. पुढे सरकारने स्थानिकांना परवाने दिले आणि १९७१ मध्ये खाणींत बहुसंख्य हिस्साही घेतला. परंतु सत्ताधाऱ्यांच्या हातून धन जनतेपर्यंत पोहोचले नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी गत झाली. १९९१ मध्ये यादवी पेटली. कोनो जिल्ह्यातील खाणी बंडखोरांनी बळकावल्या आणि हिरे शेजारच्या लायबेरियातून विकून शस्त्रे आणली. निरपराध माणसांचे हात तोडण्यात आले. २००२ मध्ये युद्ध संपले, तोवर हजारो लोक प्राणास मुकले होते.

आता याच आफ्रिकेतील बोट्स्वाना पाहा. हा देश १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा अत्यंत दरिद्री होता. १९६७ मध्ये ओरापा येथे हिऱ्याची मोठी खाण सापडली. ती जागा राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्याच बामांग्वाटो जमातीच्या मुलखात होती. तरीही त्याच वर्षी भूगर्भातील संपत्तीचे हक्क जमातींकडून राष्ट्राकडे घेण्यात आले. पुढे खाणकंपनीत सरकारने निम्मा हिस्सा मिळविला आणि त्या उत्पन्नातून शाळा, रस्ते, दवाखाने उभे राहिले. ज्ञातीच्या व्यासपीठावरून ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. आपल्या जमातीचा अभिमान बाळगूनही तिचा लाभ राष्ट्राच्या पदरात घालता येतो, हे त्या पुरुषाने दाखवून दिले.

हिरा दोन्हीकडे सारखाच. भेद पडला तो हक्क कोणाकडे आणि त्याचा हिशेब कोणाला द्यावयाचा, यामुळे.

बंडखोरांचे हिरे बाजारात येऊ नयेत म्हणून २००३ पासून किंबर्ले प्रमाणपत्राची योजना अमलात आली. भारत तिचा सभासद आहे. मात्र हे प्रमाणपत्र कच्च्या हिऱ्यांच्या पेटीबरोबर असते. पैलू पाडलेल्या सुट्या खड्याबरोबर नव्हे. शिवाय बंडखोरांनी युद्धासाठी विकलेला हिरा तेवढाच निषिद्ध ठरतो. २००८ मध्ये झिंबाब्वेतील मरांगे येथे सरकारी सैन्यानेच खणणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. पण असा अत्याचार त्या व्याख्येत बसला नाही. म्हणून कागद पुरेसा नाही, तरी कागदावाचून व्यवहार करणे त्याहून वाईट.

जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेस, आणि सुरत म्हणजे खानदेशाचे शेजारघर. तेव्हा ‘आफ्रिका दूर आहे’ ही सबब आपल्याला शोभत नाही. माझी विनंती एवढीच आहे : खडे घेताना विक्रेत्याकडून बिलावर उगमाविषयीची लेखी हमी मागावी, ती नसल्यास स्वस्ताईच्या मोहात पडू नये, आणि पेढीवर नव्याने बसणाऱ्या मुलांना काटा धरावयास शिकविताना हा प्रश्न विचारावयासही शिकवावे. एका दुकानदाराच्या प्रश्नाने दलाल हसेल. शंभर दुकानदारांनी तोच प्रश्न विचारला तर त्याला उत्तर शोधावे लागेल. समाज संघटित असण्याचा उपयोग तो हाच.