इंटरनेटवरील दूरध्वनी : वाढ आणि नियमन

१९९० च्या दशकात आखाती देशांत नोकरीस गेलेल्या मनुष्याशी त्याच्या घरच्यांना बोलावयाचे असले, म्हणजे गाव रत्नागिरीकडचे असो वा मलप्पुरमकडचे, पिवळ्या फलकाच्या एसटीडी-आयएसडी केंद्रावर जावे लागे. काचेच्या अरुंद खोलीत एक जण बोले आणि बाकीची मंडळी बाहेर उभी राहून यंत्रावरचे लाल आकडे पाहत. आकडा चढू लागला की बोलणे आवरते घ्यावे लागे. प्रकृती कशी आहे, पैसे पोचले का, एवढ्यातच संभाषण संपे. सभागृहातील वडीलधाऱ्या मंडळींना हे दृश्य खचितच आठवत असेल. आज तेच कुटुंब रियाधमधील मुलाशी तासभर बोलते, त्याचा चेहराही पाहते, आणि मिनिटांचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

हा बदल सुखाचा आहे, यात वाद नाही. परंतु ते लाल आकडे केवळ त्या एका संभाषणाची किंमत दाखवीत नव्हते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. शहरातील स्थानिक दूरध्वनी आणि खेड्यातील जोडणी ही दोन्ही खर्चापेक्षा स्वस्त दरात दिली जात. तूट भरून निघे ती परगावच्या आणि परदेशच्या महागड्या संभाषणांतून. आखातातील कामगाराच्या घरची माणसे अशा रीतीने नकळत दुसऱ्या कोणाच्या तरी गावातील तारेचा खर्च सोसत होती. २००३ मध्ये या व्यवहारास ‘प्रवेश तूट आकार’ असे उघड नाव मिळाले, आणि २००८ मध्ये तो आकार रद्द झाला. इंटरनेट दूरध्वनीविषयीच्या बहुतेक वादांचे मूळ या जमाखर्चात सापडते.

जुन्या पद्धतीत दोन माणसे बोलू लागली की त्यांच्यामधील एक मार्ग सबंध वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवला जाई. दोघेही गप्प बसले तरी तो मार्ग अडलेलाच राही, म्हणून त्याची किंमत वेळेवर आणि अंतरावर ठरे. इंटरनेटमध्ये आवाजाचे प्रथम अंकांत रूपांतर होते. साधारण दूरध्वनीच्या दर्जासाठी एका सेकंदात ८,००० वेळा आवाजाचे माप घेतले जाते. मग त्या अंकांचा संक्षेप करून सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढी लहान लहान पुडकी बांधली जातात, आणि पत्रे, चित्रे, चित्रपट यांच्या गर्दीतून तीही वाट काढतात. पुडके पोचण्यास सेकंदाच्या सातव्या भागाहून फारसा अधिक वेळ लागला नाही, तर ऐकणाऱ्यास विलंब जाणवत नाही. महत्त्वाची गोष्ट ही की, वाहून नेणाऱ्या तारेस आत काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. अंतराची किंमत तेथेच नाहीशी होते.

१९९५ च्या प्रारंभी व्होकलटेक या इस्रायली कंपनीने संगणकावरून बोलण्याचे साधन विक्रीस आणले. आरंभी एकाने बोलून थांबावे, मग दुसऱ्याने बोलावे, असा त्याचा प्रकार होता. एवढ्या अडखळत्या साधनानेही अमेरिकेतील लहान दूरध्वनी कंपन्यांची झोप उडाली. मार्च १९९६ मध्ये त्यांच्या संघटनेने तेथील संघीय दळणवळण आयोगाकडे अर्ज करून या साधनाची विक्रीच थांबवावी अशी मागणी केली. आयोगाने ती मान्य केली नाही. मात्र संगणकाशी संगणक बोलतो तो व्यवहार निराळा आणि साध्या दूरध्वनीशी दूरध्वनी बोलतो तो निराळा, असा भेद त्याने १९९८ च्या अहवालात केला. पुढे भारतातील नियमांतही अशाच जातीचा भेद आला.

भारतात १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने इंटरनेट दूरध्वनीस तूर्त परवानगी नाही असे सांगितले. १ एप्रिल २००२ पासून विदेश संचार निगमची परदेशी संभाषणांवरील मक्तेदारी संपली आणि त्याच दिवशी इंटरनेट सेवादात्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली. परंतु मुभा अर्धी होती. भारतातील संगणकावरून जगातील कोणत्याही संगणकाशी बोलता येई. त्याच संगणकावरून न्यूयॉर्कमधील साध्या दूरध्वनीची घंटाही वाजविता येई. नागपूरमधील साध्या दूरध्वनीची मात्र नाही! समुद्रापार जाण्यास आडकाठी नव्हती, शेजारच्या गल्लीत जाण्यास होती.

हा नियम वरवर हास्यास्पद वाटतो, पण त्यामागे हिशेब होता. देशातील दूरध्वनी कंपन्यांनी मोठी रक्कम भरून परवाने घेतले होते. इंटरनेट सेवादात्यांचे परवाने त्या मानाने अल्प मोलाचे होते. दोघांना एकच धंदा करू दिला तर पहिल्यांवर अन्याय होतो, हे म्हणणे खोटे नव्हते. तथापि ज्या खेड्यातील तारेचे नाव पुढे केले जात होते, तिच्यापर्यंत या बंदीचा लाभ कितपत पोचला, हा प्रश्न उरतोच. २००८ मध्ये प्रवेश तूट आकार गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने बंधने उठविण्याची शिफारस केली. तरी बंदी राहिली. तेव्हापासून ती खेड्याचे रक्षण करीत होती असे म्हणण्यास फारसा आधार उरला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्काइपने भारतातून भारतातीलच दूरध्वनींवर बोलण्याची सोय बंद केली. भारतातून परदेशी बोलण्याची सोय पूर्ववत चालू राहिली.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात, हल्लेखोरांना सीमेपलीकडून सूचना मिळत होत्या त्या इंटरनेट दूरध्वनीच्या द्वारे. त्यामुळे आवाज कोठून आला हे शोधण्याचा प्रश्न निकडीचा झाला. संभाषण ऐकण्याचा सरकारचा अधिकार १८८५ च्या तार अधिनियमातील होता, आणि त्याचा वापर मनमानी होऊ नये यासाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये काही मर्यादा घालून दिल्या होत्या. पण त्या सर्व व्यवस्थेत एक दूरध्वनी केंद्र आणि एक परवानाधारक गृहीत धरलेला होता. ज्या कंपनीचे कार्यालय परदेशी आणि जिचे संभाषण टोकापासून टोकापर्यंत सांकेतिक लिपीत बंद, तिच्यापाशी हुकूम घेऊन जाणार कोण?

दरम्यान डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरील संभाषणांसाठी वेगळा आकार जाहीर केला आणि लोकक्षोभ पाहून तो काही दिवसांतच मागे घेतला. मार्च २०१५ मध्ये नियामक प्राधिकरणाने या सेवांविषयी विचारणापत्र प्रसिद्ध केले, तेव्हा दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ईमेलने उत्तरे धाडली. अशा रुक्ष विषयावर एवढी माणसे बोलती होतात, हे एरवी कोणास खरे वाटले नसते. ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमाने, पुडक्यात काय आहे ते पाहून निरनिराळा दर लावण्यास मनाई झाली.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली. तिच्या जाळ्यावर साधे संभाषणही पुडक्यांतूनच जाई, आणि मिनिटांचा वेगळा आकार नव्हता. म्हणजे ज्याच्यावर बंदी होती त्याच जातीचे तंत्र देशभर साध्या दूरध्वनीच्या वेषात नांदू लागले. ऑक्टोबर २०१७ च्या शिफारशीनंतर २०१८ मध्ये सरकारने परवानाधारक दूरध्वनी कंपन्यांना इंटरनेट दूरध्वनीची पूर्ण मोकळीक दिली. जुलैमध्ये भारत संचार निगमने ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली. सोळा वर्षांची आडकाठी दूर झाली. पण तोवर लोक व्हॉट्सअॅपवर बोलू लागले होते आणि त्यांना कोणाच्या परवान्याची वाट पाहावी लागली नव्हती. एका कंपनीने दुसरीस संभाषण पोचविल्याबद्दल द्यावयाचा आकारही १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर आला.

पैशाचा वाद असा मिटला. उत्तरदायित्वाचा मात्र मिटला नाही. २००५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे घरात शिरलेल्या दरोडेखोरांनी आईवडिलांवर गोळ्या झाडल्या असता मुलीने संकटकाळचा क्रमांक फिरविला. घरातील दूरध्वनी इंटरनेटवरचा होता. तो त्या केंद्राशी जोडलेलाच नव्हता. त्याच वर्षी संघीय आयोगाने अशा कंपन्यांवर ही जोडणी देण्याचे बंधन घातले. भारतात २०१७ च्या शिफारशीत प्राधिकरणाने असे बंधन घालणे टाळले आणि ग्राहकास सेवेच्या मर्यादा कळवाव्यात एवढेच म्हटले. खेड्यात नातवाशी बोलण्याकरिता व्हॉट्सअॅप शिकलेली आजी रात्री छातीत कळ आली तर त्याच्यावर ११२ शोधू जाईल, याचा विचार त्या मर्यादांच्या छापील सूचनेत कितपत झाला असेल, कोण जाणे.

परवाना नसलेल्या सेवांसाठी नियमांची चौकट आखण्याची वेळ अद्याप आलेली नाही, असे प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये सांगितले. १८८५ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत झाला. त्यातील दूरसंचाराची व्याख्या इतकी विस्तृत आहे, की या सेवा तिच्यात येतात की नाही यावर कायदेपंडितांत मतभेद झाले. संबंधित मंत्र्यांनी त्या येत नाहीत असे सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने संदेशसेवांना आदेश दिला, की ज्या सिमकार्डाच्या क्रमांकावर खाते उघडले तेच यंत्रात असल्याखेरीज सेवा चालू ठेवू नये. क्रमांकांच्या आडून होणारी फसवणूक रोखणे हा त्याचा हेतू. परदेशी गेल्यावर तिकडचे सिमकार्ड घालावे आणि घरच्यांशी जुन्याच भारतीय क्रमांकाच्या खात्यावरून बोलत राहावे, अशी अनेकांची रीत. आदेशाप्रमाणे चालावयाचे, तर त्या मुलाला गावाकडचे सिमकार्ड रियाधमध्येही यंत्राच्या दुसऱ्या खाचेत जपून ठेवावे लागेल, आणि ते चालू राहावे म्हणून त्याचे शुल्क घरच्यांनी इकडे भरावे लागेल.