लोणारच्या काठाकाठाने

लोणारला जाऊन आलेली माणसे पुष्कळ भेटतात. लोणारात उतरून आलेली फार थोडी. मोटार काठावर थांबते, मंडळी कठड्याशी उभी राहतात, खाली हिरवट पाण्याची थाळी दिसते, कोणीतरी "अबब!" म्हणतो, फोटो निघतो आणि तेवढ्यात चहाची वेळ झालेली असते. अर्ध्या तासात लोणार आटोपते. श्रोतेहो, माझे तुम्हांला सांगणे एवढेच की, अर्धा तास देणार असाल तर जाऊ नका. एक अख्खा दिवस द्या, आणि घरातली मुले बरोबर न्या.

हे ठिकाण बुलढाणा जिल्ह्यात आहे. आगगाडीने जालन्यास उतरावे, तिथून एस.टी.ने किंवा मोटारीने सुमारे ९० किलोमीटर. वाटेत सिंदखेडराजा लागते, जिजाबाईंचे जन्मगाव. तिथे थांबण्याचा मोह होणारच, पण तो परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवावा. मुक्काम आदल्या रात्री लोणारला करावा. थंडीचे दिवस, म्हणजे मार्गशीर्ष-पौष, हे उत्तम. सरोवराचा परिसर २००० सालापासून अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याच्या चौकीवर चौकशी करून, वेळा विचारून मगच उतरायचे. गावातला माहीतगार वाटाड्या मिळाला तर अवश्य घ्या. आणि पाणी! खाली एवढे मोठे सरोवर आहे म्हणून तांब्या रिकामा ठेवून निघाल ना, तर पस्तावाल. त्या पाण्याचा घोट घेता येत नाही.

सकाळी काठावर उभे राहिलात की प्रथम डोळ्यांत भरतो तो सपाट मुलूख. कापसाची, तुरीची शेते, मधून बाभळी, आणि एकाएकी जमिनीला हे भगदाड. वाटोळे, जवळजवळ परकाराने काढल्यासारखे. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे १३७ मीटर, म्हणजे कुतुबमिनाराच्या जवळजवळ दुप्पट. तळाशी पाणी. काठ सभोवारच्या शेतांपेक्षा २० मीटरभर उंच, जणू मातीच्या आळ्याची वर आलेली कड.

आता तुम्ही ज्या दगडावर उभे आहात तो पाहा. काळा, घट्ट, जड. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. त्याचाच हा बेसाल्ट. सह्याद्रीचे कडे याच दगडाचे, वेरूळ-अजिंठ्याची लेणी याच दगडात कोरलेली. आपला बहुतेक महाराष्ट्र या थिजलेल्या लाव्ह्यावर बसलेला आहे. साहजिकच वाटते की, ज्वालामुखीच्या मुलखात असे वाटोळे तोंड म्हणजे ज्वालामुखीचेच तोंड. दुसरे काय असणार?

मी गेलो तेव्हा बरोबर ताई होती, आमची आई होती आणि ताईची दहा वर्षांची मुलगी. काठावर आईने तिला लवणासुराची गोष्ट सांगितली. इथे जमिनीखाली लवणासुर दडून राही. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याच्या बिळाचे झाकण दूर उडवले आणि त्याचा वध केला. हे सरोवर म्हणजे त्याचे बीळ, आणि त्याच्यावरून गावाचे नाव लोणार. पोरीने सगळे नीट ऐकून घेतले. मग मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "ही झाली गोष्ट. खरं म्हणजे आकाशातून अशनी आदळला आणि हा खड्डा पडला." तर ती मला म्हणते, "मामा, कशावरून?"

आई हसू लागली. रास्तच होते. माझी गोष्ट तरी आईच्या गोष्टीहून अधिक खरी कशावरून? दोघांच्याही गोष्टीत काहीतरी वरून येते आणि जमिनीला भोक पडते!

पण याच एका शब्दापायी शहाण्या माणसांची दीडशे वर्षे गेली आहेत. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली या सरोवराची नोंद केली. पुढे येणारा जो तो ज्वालामुखीचेच नाव घेई. कोणी म्हणे, खाली वाफ कोंडून स्फोट झाला. कोणी म्हणे, पोटात पोकळी होऊन जमीन खचली. १८९६ साली गिल्बर्ट नावाच्या नामांकित अमेरिकन भूशास्त्रज्ञाला ॲरिझोनातल्या एका विवराचे कोडे पडले होते. तो खड्डा वाफेच्या स्फोटाचा, असे त्याने ठरवले आणि त्याला जोड म्हणून आपल्या लोणारचे नाव घेतले. पुढे गंमत अशी झाली की, १९६० च्या सुमारास ॲरिझोनाचे ते विवर अशनीच्या आघाताचे ठरले. साक्षीदार लोणार मात्र अजून ज्वालामुखीच्याच पंगतीत बसलेले!

शंका घ्यायला जागा होती. ज्वालामुखी ६ कोटी वर्षांपूर्वीचा असता, तर त्याचा काठ ऊनपावसाने केव्हाच झिजून गेला असता. हा तर अजून ठसठशीत आहे. सभोवती ज्वालामुखीची राख नाही. उलट काठावर लाव्ह्याचे आडवे थर बाहेरच्या अंगाला कलले आहेत, कुठे कुठे तर पालथे झाले आहेत, आणि आतून उडालेला दगडांचा भुगा काठापासून एक-दीड किलोमीटरपर्यंत पसरला आहे. शेवटी भारतीय भूगर्भशास्त्र सर्वेक्षणाच्या आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून सरोवराच्या तळात भोके पाडली. सुमारे १०० मीटर गाळ लागला आणि त्याखाली चुरा झालेला बेसाल्ट. त्या चुऱ्यात मॅस्केलिनाइट नावाची काच होती. ही काच ज्वालामुखीच्या उष्णतेने होत नाही. दगडातले एक खनिज न वितळता, केवळ अफाट आघाताच्या दाबाने, एका क्षणात काच होऊन बसते. तेव्हाच ती घडते. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला आणि लोणारचे कूळ बदलले.

हे सगळे मी त्या पोरीला वाट उतरता उतरता सांगितले. तिने पुढचा प्रश्न टाकला, "मग कधी पडला?" इथे मात्र शास्त्रज्ञांचीही दोन घड्याळे आहेत. एका पद्धतीने मोजले तर सुमारे ५२ हजार वर्षे येतात. दुसऱ्या पद्धतीने, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, सुमारे ५ लाख ७० हजार. फरक थोडाथोडका नव्हे, दहापटीहून जास्त. पोरीला ते फार आवडले. मोठी माणसेही भांडतात म्हणून असेल.

उतरण धारेजवळून आहे. धार म्हणजे गोमुखातून बारमाही पडणारे गोडे पाणी. यात्रेकरू तिथे स्नान करतात. तिथून पायऱ्या आणि मग पायवाट. वरती साग, सीताफळी. जसजसे खाली जावे तसतशी वेडी बाभूळ दाटत जाते. ही वेडी बाभूळ मूळची इथली नव्हे, तिने पुष्कळ जागा बळकावली आहे. मोरांच्या केका ऐकू येतात, वानरे तर हातातली शिदोरी मोजूनच घेतात. ती झाकून ठेवा. आई काठीच्या आधाराने उतरली. आम्हांला पाऊण तास लागला. घाई नव्हती.

पाण्याजवळ आलात की प्रथम वास येतो. उग्र, कुजकट. मुले नाक धरतात. त्याने घाबरू नका. या सरोवरात पाणी येते, बाहेर मात्र वाट नाही. बेसाल्ट झिजून त्यातले क्षार पाण्यात उतरतात, पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हेच चालले आहे. म्हणून पाणी खारट तर आहेच, पण त्याहून अधिक सोड्यासारखे आहे. पूर्वी इथला खार काढून विकत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रकारांची नावे जुन्या कागदांत सापडतात. साबण आणि काच करण्याचा माल या ठिकाणी मिळतो, हे 'ऐने अकबरी'तही नोंदलेले आहे.

पाणी सोड्याचे कशावरून? याची परीक्षा घरूनच न्या. टिपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवायच्या आणि पाकिटात घालून बरोबर घ्यायच्या. धारेच्या गोड्या पाण्यात पट्टी बुडवली तर पिवळी ती पिवळीच. सरोवराच्या पाण्यात बुडवा, तांबडी होते! माझी आई लगेच म्हणाली, "हळदीला चुना लावला की कुंकू होतं, तसंच हे." प्रयोगशाळेत काय निराळे करतात? फक्त पट्ट्या तिथे टाकून येऊ नका, पाकिटात परत आणा.

अशा पाण्यात मासे कुठले जगणार, असे आपल्याला वाटते. पण सूक्ष्म शेवाळाला ते मानवले आहे, त्यानेच पाण्याला हिरवा रंग येतो. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झाले आणि साऱ्या जगाने लोणारचे नाव घेतले. त्या उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे अतिसूक्ष्म जीव सापडले. त्यांच्या अंगच्या रंगाने सरोवर रंगले होते. पाऊस पडला आणि रंग ओसरला. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

काठावर कमळजा देवीचे देऊळ आहे. नवरात्रात तिथे यात्रा भरते. जवळच सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका अंगाचे पाणी गोडे आणि दुसऱ्या अंगाचे खारे, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. जमिनीकडून गोडा झरा आणि सरोवराकडून खारा पाझर, एवढाच त्याचा अर्थ लागतो. गोडी सासू की सून, यावर ताई आणि आई यांचे एकमत झाले नाही.

पण हे सगळे पाहायला मिळेलच असे नाही. अलीकडच्या वर्षांत सरोवराचे पाणी चढत गेले आहे. काठची जुनी वाट जागोजाग पाण्याखाली असते, पाणी देवीच्या देवळाशी जाऊन भिडते. पाणी वाढले तर वाईट काय, असे तुम्ही विचाराल. आपल्या दुष्काळी मुलखाला हा प्रश्न सुचणारच. पण गोडे पाणी जितके शिरेल तितका खार पातळ होणार, आणि ज्या जीवांची वस्ती खारावर उभी आहे त्यांच्या पायाखालची जमीन सरकणार. त्यात गावाचे सांडपाणी. ते सरोवराकडे वाहते ही तक्रार जुनी आहे. सरोवराच्या जतनाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. आपली हळदीची पट्टी एवढ्यासाठीही जपून ठेवावी. तिच्या मागे तारीख घाला. पाच वर्षांनी पुन्हा गेलात तर दुसरी बुडवा आणि रंग ताडून पाहा.

काठाकाठाने चालायला लागलात की बहुधा पूर्ण फेरी होत नाही. वाटाड्या नेईल तिथपर्यंत जावे. पाण्याच्या कडेने पूर्ण वेढा चारेक किलोमीटरांचा होईल, पण चिखल आणि बाभळीचे काटे यांपुढे पायातल्या चपलांचा निभाव लागत नाही, बूट हवेत. मध्येच झाडीतून एखादे पडके शिवालय पुढे येते. उथळ पाण्यात शेकाट्या लांब तांबड्या पायांवर उभ्या असतात, टिबुकल्या बुड्या मारतात. इथे बोलणे बंद करून दहा मिनिटे बसा. मुलांना हे जमत नाही असे म्हणतात. आमच्या पोरीला जमले, ताईला जमले नाही.

पोरीने काळा, चकाकणारा एक खडा खिशात टाकला होता, तो मी परत ठेवायला लावला. ती रुसली. तिला म्हटले, "अगं, ज्या काचेवरून हे ठरलं ती याच दगडांत होती. जो तो एकेक खडा नेईल, तर पुढे कुणी 'कशावरून' म्हणून विचारलं म्हणजे दाखवायचं काय?" रुसवा गेला नाही, पण खडा जागेवर गेला.

शिदोरी काठावर चढून आल्यावर सोडावी, म्हणजे खाली उष्टे-खरकटे पडत नाही आणि वानरांशी झटापटही होत नाही. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा. वयस्कर माणसांना दर पन्नास पावलांवर बसू द्या. भाकरी, झुणका, ठेचा, वर धारेचे पाणी न पिता घरून आणलेले.

दुपारी पाय चालत असतील तर मोठ्या लोणारपासून सुमारे ७०० मीटरांवर अंबर तळे आहे. त्याला छोटे लोणार म्हणतात. तेही उल्केच्याच तुकड्याने झाले, असे पुष्कळजण मानतात. जवळ निजलेल्या मारुतीची प्रचंड मूर्ती आहे. तिचा दगड आकाशातून आलेला, कारण त्याच्याजवळ होकायंत्राची सुई बहकते, असे सांगतात. मुलांच्या हाती होकायंत्र द्या आणि खुशाल पाहू द्या. मग तेच यंत्र वाटेतल्या साध्या काळ्या दगडांजवळही न्यायला सांगा. आपल्या बेसाल्टात लोहचुंबकी खनिज असतेच, काही दगडांशी सुई तिथेही हलेल. मारुतीरायाला नमस्कार करायला त्याने काही अडत नाही. आईने केला, मीही केला.

आणि उन्हे कलायच्या आत गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात जा. आत फार अंधार असतो. छतावरचे कोरीव काम पाहायचे तर एक चांगली विजेरी बरोबर हवी, आणि मान दुखेपर्यंत वर पाहण्याची तयारी.