तीन हंगामांचा हिशेब शेजारी शेजारी मांडा



यवतमाळ जिल्ह्यात हिशेब न ठेवणारा कास्तकार मला फार कमी भेटतो. कुणाची वही असते, कुणाच्या पट्ट्या तारेत ओवून खुंटीला टांगलेल्या असतात. पण "यंदा पराटीला किती लागले?" असे विचारले की उत्तर यंदाचेच मिळते. मागच्या वर्षाचे पान उलटलेले असते आणि त्याच्या मागचे तर कोठीत गेलेले. एकेकटे पान पाहिले तर प्रत्येक वर्ष बरेच दिसते. खोट कुठून येते हे कळायला पाने एकाशेजारी एक ठेवावी लागतात.

यासाठी वहीची पाने फाडू नका. सुटे कागद घ्या आणि एका हंगामाला एक कागद ठेवा. हंगाम म्हणजे नांगरटीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत. मार्चअखेर किंवा दिवाळी मध्ये आली म्हणून हिशेब तोडू नका. प्रत्येक कागदावर बाबी त्याच आणि त्याच क्रमाने लिहा : मशागत, बियाणे, खत, निंदण-डवरणी, फवारणी, वेचाई, गाडीभाडे, व्याज. खाली उत्पादन क्विंटलमध्ये आणि मिळालेला भाव वेगळा. सगळे आकडे एकरी करा. एका वर्षी पाच एकर व दुसऱ्या वर्षी तीन एकर पराटी असेल तर एकूण रकमांची तुलना होत नाही. घरच्या माणसांची मजुरी धरायची तर तिन्ही कागदांवर धरा. एकावर धरली आणि दुसऱ्यावर सोडली, तर हिशेबच फसवा होईल.

आता तिन्ही कागद बाजेवर ओळीने मांडा. समजण्यासाठी कल्पनेतला एक नमुना सांगतो. पहिल्या वर्षी एकरी ६ क्विंटल कापूस, भाव ९,००० रुपये, म्हणजे ५४,००० आले. खर्च २४,०००, उरले ३०,०००. दुसऱ्या वर्षी तेवढाच कापूस, भाव ७,५००, खर्च २७,०००, उरले १८,०००. तिसऱ्या वर्षी कापूस वाढून ७ क्विंटल झाला, भाव ७,०००, खर्च ३२,०००, उरले १७,०००. तिसरे पान एकटे पाहणारा म्हणेल, "यंदा पराटी झकास पिकली." शेजारी ठेवल्यावर दिसते की कापूस वाढूनही हाती कमी आले.

मग बोट आडवे फिरवा. वेचाई पहिल्या वर्षी किलोला ८ रुपयांनी ४,८०० होती, तिसऱ्या वर्षी १२ रुपयांनी ८,४०० झाली. फवारणी ३,००० वरून ६,००० वर गेली. वाढलेल्या ८,००० पैकी ६,६०० या दोन ओळींतच सापडले. मजूर मिळत नाहीत, वेचाईवर आपला इलाज थोडा. फवारणीवर मात्र आहे.

भावाची ओळ वेगळी का, तेही सांगतो. २०२१-२२ च्या हंगामात बाजारात कापूस क्विंटलला १०,००० च्या वर गेला होता, तेव्हा लांब धाग्याचा हमीभाव ६,०२५ होता. २०२४-२५ मध्ये हमीभाव ७,५२१ झाला. एका तेजीच्या वर्षाच्या भरवशावर ज्यांनी खर्च वाढवला, त्यांना नंतर तो खर्च कमी करणे जड गेले. म्हणून तिन्ही वर्षांचे उत्पादन एकदा हमीभावाने मोजून पाहा. त्यात खर्च निघत नसेल तर दोष नुसत्या बाजाराचा नाही.

फवारणीच्या ओळीत रुपयांबरोबर फवारण्या किती, तारखा कोणत्या आणि औषध कोणते तेही लिहा. २०१७ च्या खरिपात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा ही ओळ फक्त पैशाची नाही. दुकानदार सांगतो म्हणून फवारू नका. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात रोज ८ पतंग सापडले, किंवा शंभरात दहा बोंडे किडकी निघाली, तरच गुलाबी बोंडअळीसाठी फवारा. वेचण्याही वेगवेगळ्या लिहा. फरदडीचा कापूस, त्याचे पाणी आणि वेचाई समोरासमोर आली की पराटी डिसेंबरअखेर का उपटावी, हे सांगायला माझी गरज पडणार नाही. अळीचा मुक्कामही त्यानेच मोडतो.

ज्यांच्या घरी मुलगा-मुलगी संगणकावर एक्सेलमध्ये हिशेब लिहितात त्यांची एक अडचण असते : एका फाइलमध्ये तीन पाने, पण पडद्यावर एकच दिसते. त्यांनी वरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'न्यू विंडो' दोनदा दाबावे, म्हणजे तीच फाइल तीन खिडक्यांत उघडते. मग 'अरेंज ऑल' आणि 'व्हर्टिकल' निवडावे व प्रत्येक खिडकीत खालच्या पट्टीवरून एकेका वर्षाचे पान उघडावे. फाइल एकच राहते. एका खिडकीत केलेली दुरुस्ती दुसरीतही दिसते. दोनच वर्षे पाहायची तर 'व्ह्यू साइड बाय साइड' दाबावे, दोन्ही पाने बरोबर सरकतात. मोबाइलवर हे करू नका, पडदा अपुरा पडतो. त्यापेक्षा कागद बरा.

हे काम उन्हाळ्यात, बियाणे घेण्यापूर्वी आणि पीककर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी करा. एका संध्याकाळी होते. घरातल्या बाईमाणसांना जवळ बसवा. निंदणाचे आणि वेचाईचे दिवस त्यांनाच नेमके आठवतात. कागद तयार झाले की आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा आणि पुढच्या वर्षासाठी चौथा कोरा कागद त्याच बाबी लिहून ठेवा.