शिवथरघळीतला आवाज



पाऊस लागला की आमच्या कर्वेनगरातून शनिवारी पहाटे गाड्या निघतात त्या सिंहगडाकडे, नाहीतर लोणावळ्याला. मी सांगतोय तो धबधबा जरा लांब आहे. वारज्याला हायवे धरायचा, भोर गाठायचं, नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेनं जाऊन वरंध घाट उतरायचा. खाली महाड तालुक्यात शिवथरघळ.

पाहायला तो काही फार मोठा धबधबा नव्हे. पण दोन्हीकडून डोंगर अंगावर आलेले. पाणी कातळावर आपटतं, आवाजाला पांगायला जागा नाही, तो समोरच्या कड्यावरून परत येतो. घळीच्या पायऱ्या चढताना शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं.

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याच्या थरांची चळत. सगळे थर सारखे टणक नसतात. वरचा कठीण कातळ टिकतो, खालचा मऊ थर ओलाव्यानं झिजतो आणि छताखाली पोकळी उरते. आपल्याकडच्या बऱ्याच घळी अशाच झाल्या.

शिवथरच्या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा. 20 दशक, 200 समास, साडेसात हजारांवर ओव्या. मधल्या काळात जागा विस्मरणात गेली. 1930 साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती शोधून काढली. मूळ घळ हीच का, हा वाद अभ्यासकांनी घालावा.

माझं घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. साधू चातुर्मासात मुक्काम हलवत नाहीत. म्हणजे ऐन पावसात लेखन चालू असणार! घळीत दोघांच्या मूर्ती आहेत, एक सांगतोय, एक लिहितोय. आषाढात तिथे भिंतीला हात लावून पाहा, तळवा ओला होतो. अशा हवेत कागद सादळणार, बोरूची शाई पसरणार. आणि सांगणाऱ्यानं आवाज चढवायचा तरी किती? दासबोधातली वाक्यं इतकी तुटक, ठाशीव का, याचं एक कारण मला तरी धबधब्याच्या त्या गर्जनेत दिसतं. पंडित हसतील. हसू देत.

तेव्हा जायचं ते पावसातच, पण चौकशी करून. वरंध घाटात दरडी कोसळतात, रस्ता बंद होतो. याच महाड तालुक्यात 22 जुलै 2021 रोजी तळिये गावावर डोंगर आला होता. घाट बंद असेल तर ताम्हिणीनं माणगाव आणि तिथून महाड. लांब पडतं. शिवाय ताम्हिणीतल्या प्रत्येक धबधब्याला गाडी थांबवलीत, तर शिवथरला पोचेपर्यंत अंधार पडेल.